पहिले बारा सेकंद

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही. गाण्याबजावण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. उलट कुठे गाणी लावलेली असली की हा माणूस कानात कापूस घालून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. त्याचा कान होता तो इंजिनासाठी राखलेला.

मोटरसायकलचं इंजिन बांधून, तेल भरून लाईनच्या शेवटी आलं की ते कानसेनच्या टेबलावर चढे. त्याच्या हातात एक लांबलचक, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. इंजिन सुरू करायचं, टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. गार असताना बारा सेकंद, तापल्यावर आणखी बारा. झालं. पास असेल तर पांढऱ्या खडूनं बरोबरची खूण, नापास असेल तर लाल फुली. फुली पडलेलं इंजिन उलगडलं आणि आत काही निघालं नाही, असं सव्वीस वर्षांत एकदाही घडलं नाही. मूठ टेकून टेकून त्याच्या उजव्या कानामागे घट्टा पडला होता. बायको म्हणायची, "आणखी दहा वर्षं नोकरी केलीत तर तिथे तिसरा कान उगवेल."

हा कान लहानपणापासूनचा. आई शिवणकाम करायची आणि हा मशीनच्या पायाशी पाटी घेऊन बसायचा. मध्येच मान वर करून म्हणायचा, "आई, सुई मोडणार." दहा-बारा टाक्यांत सुई मोडायची. आईला आधी वाटलं, पोरगं पांढऱ्या पायाचं आहे. मग तिच्या लक्षात आलं की पोराला आधी ऐकू येतं. तेव्हापासून मशीन कुरकुरलं की ती यालाच हाक मारायची. शाळेत याला कुणी कधी शाबास म्हटलं नाही. जे काही कौतुक वाट्याला आलं ते कानामुळेच.

एकदा तर मालक परदेशी पाहुण्यांना घेऊन लाईन बघायला आले असताना यानं पाहुण्यांच्या देखत एका इंजिनावर फुली मारली. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक. इंजिन उलगडलं, तर आतल्या एका पिनेवर केसाएवढा चरा. मालक हसले, पाहुण्यांनी पाठ थोपटली. त्या वेळी शेजारी इंजिनं पुसायला उभ्या असलेल्या पोऱ्यानं ते डोळे फाडून बघितलं. पुढे कितीतरी वर्षं तो सांगत फिरायचा, "उस्ताद स्वतः एखाद वेळी खोटं बोलतील, पण उस्तादांचा कान खोटं बोलायचा नाही."

तोच पोऱ्या पुढे कानसेनचा साडू झाला, आणि दुखणं सुरू झालं ते तिथून.

त्याला काम शिकवलं कुणी? कानसेननं. बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी हा मुलगा सुचवला कुणी? कानसेननं. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. यानं तो धोंडा आधी चांगला धुऊनपुसून घरात आणला. लग्न झालं तसं ‘उस्ताद’चं ‘दादा’ झालं, आणि कानसेनला ते आवडलंही. पोरगा गुणी होता, मान देणारा होता. सहा वर्षांपूर्वी तो पलीकडच्या कंपनीत गेला, आणि तिथून सगळं बिनसलं.

आता या दोन कंपन्यांचं काय भांडण होतं ते सांगायला हवं, नाहीतर कानसेनचं दुखणं कळायचं नाही. श्रीमंत देशांच्या मोटरसायकली काचेच्या दुकानात उभ्या करून बघायच्या. पण जगात असे कितीतरी देश आहेत जिथे मोटरसायकल हीच टॅक्सी, तीच टेम्पो. एका गाडीवर तिघं बसतात आणि वर एक पोतं. त्या रस्त्यांवर धंदा होता तो ना श्रीमंत ना गरीब अशा मधल्या देशांतल्या कंपन्यांचा. कानसेनच्या कंपनीनं एका श्रीमंत कंपनीची गाडी नटबोल्टांपर्यंत खोलून तशीच बनवली होती. मग दुसऱ्या एका देशातल्या कंपनीनं यांची गाडी खोलून तशीच बनवली, हत्यारांच्या डब्याच्या झाकणाचा खटकासुद्धा तोच. चोरावर मोर. यांनी सीट दोन बोटं लांब केली की दोन महिन्यांत त्यांची तीन बोटं लांब. असंच चालू राहिलं असतं तर एक दिवस सीटवर अख्खं कुटुंब आडवं झालं असतं. आणि मग त्या कंपनीनं कळस केला. इथून बोटीनं माल धाडायला सोयीचं म्हणून याच शहरात, नदीच्या पलीकडे, स्वतःचा कारखाना उघडला. म्हणून ती पलीकडची कंपनी.

साडूला त्यांनी तीन महिने आपल्या देशात नेलं आणि इंजिनाचा आवाज तपासायचं मशीन शिकवलं. बंद खोलीत इंजिन चालवायचं, पडद्यावर रेघा उमटतात, हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. परत येताना त्यानं दादांसाठी कानावर चढवायचं जाड आवरण आणलं. म्हणाला, तुमचे कान जपायला हवेत. मनापासून म्हणाला, पण कानसेनला ऐकू आलं ते असं की आता तुमचे कान कपाटात ठेवायची वेळ झाली. त्यानं ते आवरण खरोखरच कपाटावर टाकलं, अगदी मागे.

खरा जळफळाट व्हायचा तो रविवारी. रविवारचं जेवण सगळ्यांचं सासुरवाडीला. तिथे पंख्याखाली एक हातांची खुर्ची होती. अठरा वर्षं त्या खुर्चीवर थोरला जावई म्हणून कानसेन बसला. साडू परदेशातून आला त्या रविवारी सासूबाईंनी त्याला तिथे बसवलं, दमून आलाय म्हणून. पुढच्या रविवारी तो दमलेला नव्हता, तरी तिथेच बसला. तो बिचारा उठायला जायचा, "दादा, तुम्ही बसा," म्हणायचा, आणि ते तर त्याहून झोंबायचं. सासरेबुवा पूर्वी कानसेनला इंजिनाच्या गोष्टी सांगायला लावायचे. आता ते साडूला विचारायचे, काय रे, जगात काय चाललंय? जसं काही जग याच्या दारावरूनच जातं. कानसेन ताटातला भात चिवडत बसायचा आणि घरी जाताना तासभर त्या मशीनची चेष्टा करायचा. बायको एकदा कंटाळून म्हणाली, "तुमचं ना, त्याला ताप आला तरी तुम्हाला वाटेल, मला का कमी आला."

आणि ते खरं होतं.

अशात ती ऑर्डर निघाली. समुद्रापलीकडच्या एका देशात एक आयातदार बाई होती. एका जुन्या मोटरसायकलवर टॅक्सी चालवून तिनं सुरुवात केली होती, आणि आता तिच्याकडून गाड्या घेतल्याशिवाय त्या देशात चाक फिरत नव्हतं. आजवर ती दोन्ही कंपन्यांकडून माल घ्यायची. यंदा तिनं कळवलं की यापुढे एकाच कंपनीचा घेणार. दोघांनी पाच-पाच गाड्या पाठवा, माझे चालक माझ्या रस्त्यांवर तीन महिने पळवतील, मग बघू. कानसेनच्या कारखान्यात धाबं दणाणलं. ऑर्डर गेली तर दुसरी पाळी बंद, आणि दुसऱ्या पाळीबरोबर निम्मी माणसं घरी. पाचही इंजिनं कानसेननं स्वतः निवडली. एकेकावर चारदा कान लावला.

गाड्या बोटीवर चढायच्या आदल्या रविवारी साडू सासुरवाडीला आला तो त्यांच्या पाचातली एक गाडी घेऊन. जेवणं झाली, गप्पा झाल्या, दोन तासांत इंजिन गारठलं. मग त्यानं कानसेनला मागच्या अंगणात बोलावलं. चेहरा ओढलेला. म्हणाला, मशीन पहिले काही सेकंद लाल दाखवतंय, मग हिरवं होतं. पाचही गाड्यांचं तेच. वरचे इंजिनियर म्हणतात, मशीन फार नाजूक आहे, गारठ्याला घाबरतं, सोडून दे. पण सही माझी आहे.

"मशीन काय म्हणतं ते मला कळतं, दादा. तुम्ही एकदा कान लावा. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालेन."

स्क्रू ड्रायव्हर त्यानं बरोबर आणला होता. लाकडी मुठीचाच. उस्तादांकडे शिकताना घेतलेला, इतकी वर्षं जपून ठेवलेला.

कानसेननं टोक टेकवलं, डोळे मिटले. साडूनं किक मारली. सहाव्या सेकंदाला डाव्या बाजूला, खोल आत, किरकिर. इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला सांगूनही पटली नसती. बाराव्या सेकंदाला तेल चढलं आणि ती नाहीशी झाली. कानसेननं तिला लगेच ओळखलं. इंजिनात एक साखळी असते आणि तिला ताणून धरायला एक पट्टी. पट्टीमागची स्प्रिंग जरा आखूड झाली की गार असताना साखळी पट्टीला घासते. तीन-चार हजार किलोमीटर काही होत नाही. मग एक दिवस पट्टी मोडते, तुकडा आत जातो आणि इंजिन जागच्या जागी अडकतं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या कंपनीत हेच झालं होतं आणि त्यानंच ते पकडलं होतं. उपाय दोन दिवसांचा. स्प्रिंग बदलायची, बस.

हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, साडूच्या नावानं. खुर्ची पंख्याखाली ओढलीये, बाहेर उन्हात काय उभा राहिलास, ये. हाक एकालाच होती. अंगणात दोन जावई उभे होते.

"काही नाही," कानसेन म्हणाला. "खणखणीत आहे. तुमच्या मशीनला सर्दी झाली असेल."

साडू आधी बघत राहिला, मग मोकळेपणानं हसला. दोन्ही हातांनी दादांचा हात धरला. कानसेननं तो जरा लवकरच सोडवून घेतला.

सोमवार अख्खा हातात होता. दुपारच्या सुट्टीत त्यानं फोन काढला, नंबरही लावला, आणि वाजायच्या आत बंद केला. संध्याकाळी पुन्हा लावायचा असं मनाशी ठरवून घरी आला तर बायको बहिणीशी बोलून नुकतीच उठली होती. म्हणाली, ऑर्डर मिळाली ना, तर ते चौघं कायमचे त्या कंपनीच्या देशात जाणार, तो सगळ्या तपासणीचा मुख्य होणार, घर कंपनीचं, पोरांची शाळा कंपनीची. कानसेनच्या पोटात जे दुखायला लागलं ते जेवण होईपर्यंत थांबलं नाही. फोन त्यानं चार्जिंगला लावला. मंगळवारी बोट सुटली.

तीन महिने तो चांगला वागला. बायकोशी प्रेमानं, साडूशी तर फारच प्रेमानं. दर रविवारी स्वतःहून म्हणायचा, तू बस रे खुर्चीवर.

आणि मग बातमी आली. पलीकडच्या कंपनीच्या पाचातल्या तीन गाड्या रस्त्यात अडकल्या. एक तर चढावर, मागे बसलेल्या म्हातारीला बाजाराचं ओझं डोक्यावर घेऊन दोन कोस चालावं लागलं. कानसेनच्या कंपनीच्या पाचही धावत होत्या. ऑर्डर यांना. कारखान्यात टाळ्या, दुसऱ्या पाळीचे लोक एकमेकांच्या गळ्यात, मालकांनी कानसेनला लाईनवर उभं करून स्क्रू ड्रायव्हरसकट फोटो काढून घेतला. त्या म्हातारीची गोष्ट त्यानं मनातून काढून टाकली. आपण पलीकडचं इंजिन बिघडवलं नाही, ते बिघडलेलंच होतं. आपण फक्त बोललो नाही. असं तो स्वतःला सांगायचा आणि स्वतःच मान डोलवायचा.

त्या रविवारी तो सासुरवाडीला तासभर आधी गेला आणि पंख्याखालच्या खुर्चीवर जाऊन बसला. खरं सांगायचं तर साडूचा पडलेला चेहरा बघायला गेला होता. तो बघायला मिळाला. साडूचं वजन उतरलं होतं, आणि त्यानं खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. पण ज्याची इतकी वाट पाहिली ते समोर आलं आणि घशाखाली उतरेना.

जेवणानंतर साडूनं त्याला पुन्हा त्याच अंगणात नेलं. सांगितलं, मला तपासणीवरून काढलंय, खोकी भरण्याच्या विभागात टाकलंय. सगळे विचारत होते, मशीन लाल दाखवत असताना तू सही कशी केलीस? मी म्हटलं, माझी चूक. तुमचं नाव मी घेतलं नाही, दादा. पुढेही घेणार नाही.

कानसेन म्हणाला, "मी..." आणि थांबला.

साडूनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. सव्वीस वर्षं त्या आवाजात काढलीत. कान उतरणारच कधीतरी. पण तुमच्या कंपनीला कळायच्या आत दाखवून घेऊ. हल्ली यावर उपाय आहेत. मी येतो बरोबर."

झालं काय होतं, तर त्याच्या मनाला शंकासुद्धा शिवली नव्हती. उस्तादांचा कान खोटं बोलत नाही. मग चुकला, याचा अर्थ तो गेला. त्याच्या लेखी तिसरी शक्यताच नव्हती. कानसेन घरी आला तो हाच पेच घेऊन. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऐकू आलं होतं म्हणावं तर खोटारडा, आणि नाही म्हणावं तर बहिरा. सबंध आयुष्यात त्याच्याजवळ मिरवण्यासारखं एकच होतं, आणि त्यालाच आता लोक कीव करत हात लावणार होते. साडूनं करावी कीव, आणि तीही इतक्या मायेनं.

मेहुणीनं बायकोला सांगितलं आणि घरात परीक्षा सुरू झाली. बायको पाठीमागून हळूच काहीतरी बोलायची आणि हा वळतो का ते बघायची. एकदा स्वयंपाकघरातून कुजबुजली, "दूध उतू चाललंय." तिनं कुजबुजायच्या कितीतरी आधीच त्याला पातेल्याच्या काठाशी चढणारं दूध ऐकू आलं होतं. तो पेपर धरून बसून राहिला. दूध ओट्यावर सांडलं, शेगडी विझली. बायको दारात येऊन उभी राहिली, डोळे भरलेले, आणि फडकं घ्यायला वळली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी तोंड उघडलं नाही.

शेवटी त्यानं मनाशी एक हिशेब मांडला. तपासणीला जायचं, आणि थोडंसं बहिरं व्हायचं. फार नाही. मोठे आवाज ऐकायचे, बारीक सोडून द्यायचे. कागदावर येईल, जरा उतरलाय. साडूला पटेल, बायको औषध देईल, कंपनीला कळायचं कारण नाही. प्रकरण मिटेल.

पहिली पाळी संपल्यावर एका दुपारी साडू त्याला आपल्या मोटरसायकलवर मागे बसवून कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. लहानशी जागा, दोन खुर्च्या, आणि कोपऱ्यात एक काचेची खिडकी असलेली बंद कोठडी. तपासणी करणारी मुलगी विशीतली होती. साडू म्हणाला, आधी माझी करा, म्हणजे दादांना कळेल की घाबरण्यासारखं काही नाही. तो कोठडीत बसला, कानावर हेडफोन, हातात बटण. बाहेर आला तो हसत. म्हणाला, पोरखेळ आहे, टूं झालं की बटण दाबायचं.

कानसेन आत जाऊन बसला. मुलीनं हेडफोन नीट बसवला, त्याच्या कानामागच्या घट्ट्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमच्याबरोबर आलेत ना, त्यांचा कान म्हणजे कमाल आहे. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचा असा कान मी आजवर पाहिला नाही." हातातला कागद तिनं त्याच्यासमोर धरला. "ही रेघ बघा. इथवर गेलेत."

कानसेननं रेघ बघितली.

"आजवर नाही?" त्यानं विचारलं.

"आजवर नाही," ती म्हणाली आणि दार लावून बाहेर गेली.

पहिला आवाज मोठा होता. त्यानं बटण दाबलं. दुसरा त्याहून लहान, दाबलं. ठरलं होतं की इथून पुढे सोडायला लागायचं. तिसरा आला. काचेपलीकडे साडू उभा होता, धीर देत मान हलवत होता, आणि त्या मुलीच्या टेबलावर त्याचा तो कागद पडला होता. या पोराला इंजिन म्हणजे काय ते आपण शिकवलं. डोळे कसे मिटायचे तेही आपण शिकवलं. आणि कान याचा कमाल. कानसेनचा अंगठा आपोआप खाली गेला. चौथा. पाचवा. आवाज केसाएवढे झाले, मग केसाहून बारीक, मग नुसती शंका उरली, आणि तो दाबत गेला. त्यानं डोळे मिटले होते. ठरवलेलं सगळं तो विसरला होता. त्याला फक्त ती रेघ दिसत होती, आणि तिच्या पलीकडे जायचं होतं.

मुलीनं दार उघडलं तेव्हा ती कागदाकडेच बघत होती. म्हणाली, माझं यंत्र याच्या खाली जातच नाही.

"तुमच्या कोठडीतल्या पंख्याचं बेअरिंग सुकलंय," कानसेन म्हणाला. "दोन आठवड्यांत बंद पडेल. आणि बाहेरच्या नळाला बादली लावून ठेवलीये, ती भरत आली."

साडू धावतच आत आला. आनंदानं त्याला काय करू नि काय नको झालं होतं. त्यानं दादांचे दोन्ही खांदे धरले. "मी म्हणतच होतो. तुमचा कान जाणंच शक्य नाही. माझ्या मनाला पटतच नव्हतं. मी घरी पण..."

आणि तो थांबला. खांद्यांवरचे हात तसेच राहिले, पण त्यांतला जोर गेला. बाहेर बादली भरून वाहायला लागली. मुलगी नळ बंद करायला गेली.

"मग त्या रविवारी?" साडूनं विचारलं.

"ऐकू आलं होतं."

"काय?"

"किरकिर. डाव्या बाजूला, साखळीच्या पट्टीची. सहाव्या सेकंदाला."

साडूनं हात काढून घेतले. का, असं त्यानं विचारलं असतं तर कानसेननं सांगितलं असतं. खुर्ची, पंखा, ती हाक, सगळं. ते किती क्षुल्लक वाटलं असतं हे त्याला ठाऊक होतं, तरी सांगितलं असतं. साडूनं विचारलं नाही. टेबलावरचे दोन कागद उचलले, स्वतःचा घडी करून खिशात घातला, दुसरा कानसेनच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन गाडी सुरू केली.

"बसा," तो म्हणाला. नुसतं बसा. दादा नाही.

कानसेन मागे बसला. चौकात घराचा रस्ता डावीकडे होता. गाडी सरळ पुलाच्या दिशेनं निघाली. पुलाच्या अलीकडे सिग्नल लाल होता, चांगला दीड मिनिटाचा. पुलापलीकडे एकच जागा होती जिथे साडू त्याला नेऊ शकत होता. तिथे जाऊन तोंड उघडलं की ते आपल्या कारखान्यातही कळणार, पलीकडच्या कंपनीचं इंजिन तू ऐकलंसच का म्हणून विचारणार, तो फोटो भिंतीवरून उतरणार. उतरून चालू पडायला दीड मिनिट पुष्कळ. साडूनं मागे वळून पाहिलं नाही. कानसेननं पाय फूटरेस्टवरून खाली टेकवला, आणि सिग्नल सुटायच्या आत परत वर घेतला.

पलीकडच्या कंपनीच्या फाटकावर पहारेकरी ओळखीचा होता. त्यानं साडूला हात केला आणि मागच्या माणसाकडे बघून विचारलं, हे कोण? पूर्वी साडू अशा वेळी सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, हे माझे उस्ताद.

"यांना साहेबांना काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.

पहारेकऱ्यानं वही पुढे सरकवली. कानसेननं नाव लिहिलं, वेळ लिहिली. कामाचं स्वरूप, या रकान्यापाशी त्याचा हात जरा थांबला. मग त्यानं लिहिलं: इंजिन नापास. डावी बाजू.

पहारेकऱ्यानं ते वाचलं, काही कळलं नाही म्हणून पुन्हा वाचलं, आणि फाटक उघडलं.